सायप्रसचे टोळ: श्रेय सरकारचं की रयतेचं?

काळी_माती
वसाहतीच्या सरकारचं एकही काम चांगलं म्हणायचं नाही, हा हट्ट मला पटत नाही. सायप्रस बघा. 1878 साली बेट इंग्रजांकडे आलं तेव्हा टोळ उभी पिकं फस्त करत होते. 1883-84 मध्ये सरकारनं मैलोन् मैल कापडी पडदे उभारले. वरच्या कडेला गुळगुळीत मेणकापडाची पट्टी. पंख न फुटलेली पिल्लं पडद्यावर चढतात, पट्टीवरून घसरतात आणि कडेकडेनं चालत खड्ड्यात पडतात. खड्ड्याच्या तोंडाला जस्ताचा पत्रा, त्यामुळे परत वर येणं नाही. थोड्याच वर्षांत टोळ आटोक्यात आले. एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. बांधापलीकडच्या पडीक रानातून टोळ पुन्हा आलेच असते.

रानवाट
अहो, पडद्यांची युक्ती सरकारची नाहीच! ती तिथल्याच एका जमीनदाराची, रिकार्डो मत्तेईची. आणि इंग्रजांच्या आधी, 1870 च्या सुमारास, उस्मानी (तुर्की) सुलतानाचा गव्हर्नर सैद पाशा यानं लोकांकडून अंडी गोळा करवून टोळ जवळजवळ संपवले होते. इंग्रजांनी मोहिमेसाठी रयतेवर वेगळा कर बसवला. त्याच काळात बेटाच्या महसुलातून वर्षाला सुमारे 92,800 पौंड खंडणी वळती होत होती. नाव सुलतानाचं, पैसा जायचा त्यानं 1855 मध्ये क्रिमियन युद्धासाठी काढलेल्या कर्जापायी. ती रक्कम बेटावर राहिली असती तर टोळांसाठी कर कशाला लागला असता?

काळी_माती
खंडणी अन्यायाचीच, त्यावर माझा वाद नाही. पण सैद पाशा म्हणजेही सरकारच ना? त्याच्यानंतर ढिलाई झाली आणि टोळ परतले. माझा मुद्दा तोच आहे.

संत्राबाग
मी काटोलकडचा. मे 2020 मध्ये नागपूर-अमरावती भागात टोळ आले, तेव्हा आम्हीही डबे-थाळ्या बडवल्या. त्यानं टोळ मरत नाहीत, शेजाऱ्याच्या बागेत जाऊन बसतात. मारले ते रात्रीच्या फवारणीनं, अग्निशमनच्या गाड्या लावून. उडत्या थव्यापुढे सायप्रसचे पडदे चाललेच नसते म्हणा, ती पिल्लांसाठीची युक्ती. पण फवारणीसाठी आमच्याकडून कुणी वेगळा कर मागितला असता तर गाव पेटलं असतं. त्यामुळे रानवाट यांचा राग मला कळतो.

रानवाट
मोहीम सरकारनंच चालवावी, हे मलाही मान्य. पण ज्याचं शेत टोळांनी खाल्लं, त्याच्याच खिशात हात घालणाऱ्याला मी तारणहार म्हणणार नाही.