मदत हवी आहे : ‘ओटिस ब्लू’ची मोनो प्रत स्टिरिओ कार्ट्रिजवर कशी वाजते?

मेंफिसच्या स्टॅक्स स्टुडिओत जुलै १९६५ मध्ये बहुतांशी एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेली अमेरिकी सोल गायक ओटिस रेडिंग यांची ‘ओटिस ब्लू’ ही तबकडी माझ्याकडे स्टिरिओ (दोन ध्वनिमार्गांच्या) पुनर्मुद्रणात आहे. तिच्यातले ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ नव्याने गायलेले आहे. मोनो (एकाच ध्वनिमार्गाच्या) आवृत्तीत मात्र आधी सिंगल (सुटे गाणे) म्हणून निघालेले गायन आहे आणि मला तेच अधिक आर्त वाटते.

शिवाय माझ्या प्रतीवर प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’चा उच्चार फाटतो. तबकडी धुतली, सुई बदलली, सुईचा भार १.८ ग्रॅमवर आणला, कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) कोनही ताडून पाहिला. इतर तबकड्या शेवटपर्यंत स्वच्छ वाजतात, त्यामुळे दोष या प्रतीतच असावा. कार्ट्रिज स्टिरिओ आणि लंबगोल सुईचे आहे, प्रीअँपला (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्राला) दोन्ही ध्वनिमार्ग एकत्र करणारे मोनोचे बटण नाही, आणि नवी तबकडी व नवे कार्ट्रिज हे दोन्ही खर्च एकदम झेपणार नाहीत. १९६५ ची मूळ प्रत खोबणी झिजलेली निघण्याच्या भीतीने नको आहे.

ज्यांनी या तबकडीचे मोनो पुनर्मुद्रण स्टिरिओ कार्ट्रिजवर ऐकले आहे, त्यांनी कृपया सांगावे: शेवटच्या गाण्यांत आवाज स्वच्छ राहतो का, की त्यासाठी आधी मोनो कार्ट्रिजच घ्यावे लागेल?