माशांच्या टाकीचं सायकलिंग चालू असताना पाणी भरायचं का? नळाचं की आरओचं?

मंडळी, मदत हवी आहे. ६० लिटरची नवी टाकी आहे, मासे अजून नाहीत. बाटलीतला अमोनिया घालून सायकलिंग चालू आहे, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे बॅक्टेरिया वाढवणं. फिल्टर मागे टांगायचा, हीटर २७ अंशांवर. दर वेळी अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) नेते आणि तो आता दिवसभरात शून्यावर येतो. नायट्राइट मात्र हटायला तयार नाही. टेस्टच्या नळीत थेंब पडताक्षणी गडद जांभळा रंग येतो, तक्त्यातल्या शेवटच्या चौकोनाच्याही पुढचा. नायट्रेट थोडं दिसू लागलंय.

प्रश्न पाण्याच्या पातळीचा आहे. झाकण नाही, त्यात हीटर, त्यामुळे पाणी चांगलं दोन बोटं खाली गेलंय. काचेवर जुन्या पातळीशी पांढरी रेघ उमटलीय आणि फिल्टरचं पाणी इतक्या उंचावरून पडतं की रात्री त्या आवाजाने डोकं उठतं. हीटरवरची किमान पातळीची खूणही उघडी पडायला आलीय, म्हणजे फार थांबता येणार नाही. पाच-सहा लिटर घालावं लागेल.

जितक्या जणांना विचारलं तितकी मतं. एक जण म्हणतो, सायकल पूर्ण होईपर्यंत पाण्याला हात लावू नका, बॅक्टेरिया जातील. हे मला पटत नाही. ते स्पंजला आणि खडीला चिकटून असतात, आणि मी तर पाणी काढतही नाहीये. दुसरा म्हणतो, फक्त आरओ घाला, कारण वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. हा तर्क बरोबर वाटतो, पण आरओत केएच (पीएच घसरू न देणारे कार्बोनेट क्षार) नसतो आणि सायकलिंगमध्ये केएच खर्च होतो म्हणे. माझा पीएच ७.६ वरून ७.० वर आलाय. मग काय घालू? आणि टेस्ट भरण्याआधी करायची की नंतर?

प्रतिसाद:
बिनधास्त भरा, पण या वेळी नळाचंच. आरओने केएच घटत नाही, पाणी उडण्याआधी होता तिथे परत येतो, एवढंच. पण बॅक्टेरियांनी खाल्लेला केएच त्यातून भरून निघणार नाही, आणि तुमचा पीएच उतरतोय. ६.५ च्या खाली काम मंदावतं, ६ च्या आसपास जवळपास ठप्प होतं. अँटी-क्लोरीन बादलीतच घाला. नुसतं रात्रभर ठेवून क्लोरीन उडतं, क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) नाही. मासे आले की टॉप-अपला आरओ आणि पाणी बदलताना नळाचं, म्हणजे क्षार साठत जाणार नाहीत. हीटरचा प्लग भरण्याआधी काढा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडकते.

आणखी एक प्रतिसाद:
टेस्ट भरल्यानंतर तासाभराने करा, तेव्हाच खरे ६० लिटर असतात. मात्र टॉप-अपने नायट्राइट सुटणार नाही. १ पीपीएम अमोनियाचं साधारण २.७ पीपीएम नायट्राइट होतं. तुम्ही रोज २ घालत असाल तर हिशेब तुम्हीच करा. एक भाग टाकीचं पाणी, चार भाग डिस्टिल्ड मिसळून टेस्ट करा आणि आकडा पाचने गुणा. फारच निघालं तर निम्मं पाणी बदला. नायट्राइट उतरेपर्यंत अमोनियाचा डोस आवरता घ्या.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. रोजच घालत होते. केएच मोजला, जेमतेम २ अंश निघाला. पातळ करून केलेल्या टेस्टमध्ये नायट्राइट २५ च्या घरात! आता नुसतं भरत बसत नाही, निम्मं पाणी बदलून नळाचंच भरते. तरीही केएच ३ च्या खाली राहिला तर खायचा सोडा घातलेला चालेल ना?

प्रतिसाद:
चालेल. ५० लिटरला चहाचा सपाट चमचाभर सोड्याने केएच साधारण ४ अंशांनी चढतो, तेव्हा आधी अर्धाच घाला आणि पुन्हा मोजा.