जांघेत गाठ हाताला लागत नाही, तरी ऑपरेशन करावं का?

येळ्ळूरचा भाचा: माझ्या मामांना लिंगाचा कॅन्सर. मूळ गाठ काढली, रिपोर्टात टी-२ आलंय, म्हणजे कॅन्सर लिंगाच्या आतल्या स्पंजासारख्या भागात शिरलाय. जांघेत हाताला काही लागत नाही, सीटी साफ. तरी डॉक्टर म्हणतात, दोन्ही जांघांतल्या लसिका गाठी, म्हणजे अंगात मुळातच असणाऱ्या बारीक ग्रंथी, काढून तपासायच्या. घरात दोन तट पडलेत. मी म्हणतो, तपासाव्यात. काही न लागणाऱ्यांतही शंभरात वीस-पंचवीस जणांच्या गाठींत कॅन्सर निघतो. इतके बारीक कण सीटीलाच काय, पेट स्कॅनलाही चुकतात.

खानापूर रोड: म्हणजे उरलेल्या पंचाहत्तर जणांच्या जांघा उगाच फाडायच्या? माझ्या थोरल्या भावाच्या गाठी काढल्या. टाके उसवले, कातडी काळी पडली, दीड महिना ड्रेसिंग. गाठीत काहीच निघालं नाही. पाय अजून इतका सुजतो की रोप लावायला चिखलात उतरता येत नाही. लक्ष ठेवा, गाठ आली तर कापा.

निपाणीची नर्स: दादा, भावाचे हाल खरे आहेत. पण गाठ हाताला येईपर्यंत थांबलेले पेशंट वेळीच गाठी काढलेल्यांपेक्षा कमी जगतात. आणि आता सगळ्या काढायची गरज नसते. आधी टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य आणि निळा रंग टोचतात. ते ज्या गाठीत पहिल्यांदा पोचतात तेवढीच काढून तपासायची. तिला सेंटिनेल गाठ म्हणतात. १९७७ साली डॉ. कबानास यांनी ही कल्पना याच कॅन्सरसाठी मांडली.

चिकोडीकर: ताई, ऐकायला सोपं आहे. त्याला न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो, सवयीचे हात लागतात. नवख्याकडून गाठ चुकली तर रिपोर्ट साफ आणि माणूस गाफील. त्यापेक्षा वरवरच्या थरातल्या गाठी नीट काढलेल्या बऱ्या.

अथणीची लेक: आमच्या बाबांच्या जांघेत तर लिंबाएवढी गाठ होती. अनवाणी हिंडणारा माणूस, काटा लागला असेल, अवधाण आलंय म्हणून आईनं शेक दिला. डॉक्टरांनीही दीड महिना अँटिबायोटिक दिलं. जंतुसंसर्गानं गाठ येते हे खरंच, पण पहिल्याच दिवशी सोनोग्राफीत बघून सुई घातली असती तर आठवड्यात कळलं असतं. सुई घातली तेव्हा गाठ कातडीला चिकटली होती.

खानापूर रोड: बाई, वाईट वाटलं वाचून. गाठ लागते तिथं थांबू नये, मान्य. न लागणाऱ्याबद्दल माझं मत तेच.

येळ्ळूरचा भाचा: सोमवारी मामांना दुसऱ्या मतासाठी नेतोय. पहिला प्रश्न हाच विचारणार, या कॅन्सरच्या सेंटिनेल तपासण्या तुमच्याकडे वर्षाला किती होतात?