मदत हवी आहे: सँडफ्लायसाठी घरात आणि गोठ्यात काय फवारायचं? अर्जंट

तापीकाठ: सँडफ्लाय माशीवर खात्रीचं औषध सांगा. धाब्याचं घर, भिंती मातीच्या, गोठा लागूनच. दुकानदार गोचिडाचंच औषध पुढे करून राहिला. मोठ्या भावाला झालंय, डॉक्टर म्हणे काला आजारच्या जातीतलं वाटतं, तो याच माशीनं पसरतो. घरात लहान पोरं आहेत, आई रडून राहिली. गूगल करा म्हणू नका, करून झालं.

रावेरकर: गाव कोणतं? ताप आहे का? टेस्ट केली का?

तापीकाठ: चोपडा साइड. ताप नाही, गालावर फोड आहे. औषधाचं सांगा ना.

केळीवाला: आपल्याकडे बिहारचे मजूर येतात, त्यांच्याकडूनच आला असणार, मी कधीचा सांगतोय.

लॅबवाला: काहीही नका लिहू. तिकडच्या काला आजारात दोन दोन आठवडे ताप हटत नाही, प्लीहा वाढते, माणूस वाळत जातो. इथे नुसता फोड आहे. तापीकाठ, फोड दुखतो का? आणि भाऊ बाहेरगावी कुठे होता का?

नंदुरबारी: हा चांदीपुरा आहे! २०२४ ला आमच्या शेजारी गुजरातेत मुलं गेली.

लॅबवाला: चांदीपुरा व्हायरस आहे, लहान मुलांना ताप येऊन मेंदूवर जातो, तास-दिवसांचा खेळ असतो. माशी तेवढी सँडफ्लायच.

तापीकाठ: दुखत नाही, खाजत नाही. आधी पुटकुळी होती, आता मधे खड्डा, कडा उचललेल्या, वर खपली, काढली की परत धरते. अँटिबायोटिक झालं, दादची मलमं झाली. बाहेर म्हणजे ट्रकवर आहे, बिकानेर लाइन, उन्हाळ्यात तिकडे ढाब्यावर उघड्यावर खाटेवरच झोपतो.

लॅबवाला: अरे भो, हे पहिल्या पोस्टमधे टाकायचं ना! बिकानेरकडे हा कातडीचा लिश्मानिया (काला आजारच्याच जातीतल्या परजीवीचा, पण फक्त फोड येणारा प्रकार) जुनाच आहे. चावल्यावर फोड यायला आठवडे, कधी महिने जातात, म्हणून तुमच्याच गोठ्यात लागला असं धरू नका. फोडाच्या कडेचं खरवडून स्लाइड करायला सांगा. आरके-३९ ची पट्टी (रक्ताची झटपट टेस्ट) तापाच्या प्रकारासाठी, म्हणजे काला आजारासाठी असते, ती निगेटिव्ह आली म्हणून इथे सुटका नाही.

आप्पा_पारोळा: बिब्बा लावा, आमच्या आजीने असे किती बसवले.

लॅबवाला: आप्पा, गालावर बिब्बा? भाजेल, डाग राहील आणि स्लाइडवर काही दिसायचं नाही. डॉक्टर फोडातच इंजेक्शन देतात.

रावेरकर: बिकानेरच कशाला, हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात निघाला, केरळातही निघाला. आपल्याकडे येणारच नाही असं काही नाही.

फवारणीवाला: कोणी मूळ प्रश्नाचं उत्तर देणार का? ही माशी दोन-तीन मिलिमीटरची, उडते कमी, टुणटुण उड्या मारते. पाण्यात अंडी घालत नाही, त्यामुळे डेंग्यूसारखी टाकी रिकामी करून उपयोग नाही. भिंतीच्या भेगा आणि शेणाची ओली माती ही तिची जागा. भेगा लिंपा, शेण रोज उचला. काला आजारच्या भागात भिंतींवर सहा फुटांपर्यंत फवारतात. डीडीटीला माश्या दाद देईनात म्हणून आता सिंथेटिक पायरेथ्रॉइड. पण दुकानातून आणून स्वतः मारू नका, पीएचसीत सांगा. साध्या मच्छरदाणीतून ही आत शिरते, बारीक जाळीची घ्या.

केळीवाला: गोठ्याचा विषय निघालाच आहे तर लम्पीची लस गाभण गाईला चालते का?

तापीकाठ: लम्पीचा वेगळा धागा काढा हो. भाऊ ट्रिपवरून आला की स्लाइडला नेतो. फवारणीवाला, सहा फुटांच्या वर माळ्यावर कडबा भरलाय, तो काढायचा का तसाच राहू द्यायचा?