अनुभव धागा: 'साहेबांना फोन द्या'

शिरोलीवाली:
आज सकाळी नवीन गिऱ्हाईकाचा फोन. पंपाच्या केसिंगचं वजन, ग्रेड, रेट, डिलिव्हरी सगळं सांगितलं, आणि शेवटी काय, "बरं मॅडम, आता साहेबांना द्या." १५ वर्षं फाउंड्री, लोखंड ओतायचा कारखाना, चालवतोय ओ मी!
पपा आजारी पडले तेव्हाचं आठवलं बघा. पहिल्याच आठवड्यात एकामागून एक कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत वाफेची भोकं. मिस्त्री म्हणे लोखंडच खराब आलंय. मी पपा करायचे तसं साच्याची मूठभर वाळू दाबली, मोडून बघितली तर हाताला ओल लागली. पाणी जास्त झालेलं, वाफेला जायला वाटच नाही. मिस्त्री काय बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मिक्सरजवळनं हाक आली, "ताई, मूठ बघा."
आणि तेव्हा रात्री वीज स्वस्त असायची म्हणून भट्टी रात्रीची, मी दहाला निघालो की गल्लीतल्या काकू गॅलरीत हजर असायच्या. तुमचंबी सांगा.

पुण्याची पाहुणी:
'मॅडम' आणि 'निघालो' एकाच पोस्टमध्ये? ताई की दादा?

गूळखोबरं:
😂 कोल्हापुरात पोरीबी आलो-गेलोच म्हणतात. फोनवर फायदाच होतोय की.
माझं बँकेतलं. अर्ज माझा, रिटर्न माझे, तरी "मिस्टरांना घेऊन या". नेलं. त्यांना चहा आला, मला फॉर्म. स्टँड-अप इंडिया २०१६ ला आलेली, बायकांना १० लाख ते १ कोटी, म्हणून गेले तर म्हणे ते नवीन धंद्यालाच, तुमचा जुना आहे. जुना कसला, सासऱ्यांनी बंद पाडलेला मी उघडला. असो, कुकर लावलाय.

वेणीफणी:
आमच्याकडं चपलांच्या वेण्या सासूबाई घालतात, चाळीसेक वर्षं, दुकानावर नाव मामंजींचं. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे ह्याच भागाची वस्तू असल्याचा सरकारी शिक्का, मिळालं, नंतर एका प्रदर्शनात कुणीतरी विचारलं एका जोडाला किती दिवस लागतात. मामंजी म्हणाले दोन. मागनं सासूबाई, "वेणीलाच दोन लागत्यात, तुमास्नी काय ठावं." आता ऑर्डरी मी घेतो आणि तारीख सासूबाई ठरवतात.

पुण्याची पाहुणी:
वेणीफणी, ३८ नंबर मिळेल का? पावसात चालतील?

वेणीफणी:
मिळेल. पावसात अजिबात नको, चामडं फुगतं.

उद्यमनगरचा भाऊ:
पुरुषानं लिहिलेलं चालतंय का? आमच्या आक्काचा मेकॅनिकल डिप्लोमा, मी बारावी नापास. वर्कशॉप मला. महाराष्ट्रात मुलींच्या वाट्याचा कायदा १९९४ लाच आला, देशात २००५ ला, आणि आक्कानं हक्कसोडपत्रावर सही केली, पेन मीच दिलता. लेथ माझ्या नावावर हाय, अवघड ड्रॉइंग आलं की आजबी फोटो तिलाच पाठवतो. तीबी हसत सांगते, त्येच्यानं जास्त वाईट वाटतंय.

गूळखोबरं:
भावा, पगार तरी दे तिला!

उद्यमनगरचा भाऊ:
विचारलो तर म्हणाली उशीर झाला.

शिरोलीवाली:
भाऊ, परत विचारा. एकदा विचारून सोडायचं नसतंय.
आणि ऐका, तो सकाळचा माणूस परत फोन केलता. "मॅडम, किलोमागं चार रुपये कमी करा की." म्हटलं थांबा, साहेबांना विचारून सांगतो. अजून विचारतोयच 😄