जनावर निघालं! सापाला घाबरल्याचे अनुभव

परवा रात्री अकराच्या सुमारास गॅलरीत वॉशिंग मशीनमागे पडलेली वायर उचलायला वाकले आणि वायरीनं मान वळवली. मधलं काही आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभी होते, हातात लाटणं होतं आणि नवरा विचारत होता, "अगं, झालं काय?" मला 'साप' हा शब्दच फुटेना. तोंडातून आला तो आजीचा शब्द, "जनावर! जनावर!"

बोटाएवढा जाड, हातभर लांब, चॉकलेटी, मानेजवळ पांढरट पट्टे. शेपूट बघायला मी थांबले नाही. तासाभरानं मशीन हलवलं तर मागे काही नव्हतं. म्हणजे ते गेलंय, किंवा घरातच आहे. या 'किंवा'वर दोन रात्री काढल्या.

तुमचेही अनुभव लिहा. घरातले, शेतातले, डोंगरातले. साप पकडल्याच्या शौर्यकथा चालतील, पण आधी घाबरल्याचं लिहायचं, एवढी अट.

* * *

माझा साप जेमतेम सहा इंचांचा. पावसाळ्यात न्हाणीच्या जाळीतून काळपट दोरा वर आला. गांडूळ समजून पाण्यानं ढकलला, तर वळवळत सरळ माझ्या पायाकडे. मी अंगावरच्या साबणासकट बाहेर. (टॉवेल होता, काळजी नसावी.)

नंतर कळलं, तो वाळा. डोळे नावापुरते, खाणं मुंग्या-वाळवीची अंडी, आणि तोंड इतकं छोटं की माणसाला चावणार कुठून? कुंड्यांच्या मातीतून तो जगभर पसरलाय म्हणे, आणि सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय पिल्लं होतात. हे मोठ्या कौतुकानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्याशा बाईला घाबरलास होय?"

* * *

वरचं वाचून हसले, पण माझा अनुभव हसण्यासारखा नाही.

उकाडा होता म्हणून काका जमिनीवर चटई टाकून झोपले होते. पहाटे तीनला पोटात कळ आली म्हणून उठले. काकू म्हणाली, पित्त असेल. गोळी घेतली, पडून राहिले. पाचला म्हणाले, घसा दुखतोय, थुंकी गिळवत नाही. सहा वाजता माझ्याशी बोलताना ते मान मागे टाकून, हनुवटी वर करून बघत होते. मला वाटलं, झोप अनावर झालीय. पापण्या उचलत नव्हत्या म्हणून ते तसे बघत होते, हे मला फार उशिरा कळलं.

जवळच्या दवाखान्यात अर्धा तास गेला, तिथे पोटाचंच औषध मिळालं. मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरांनी पापण्या पाहिल्या आणि काकूला एवढंच विचारलं, "रात्री जमिनीवर झोपले होते का?" अंगभर शोधूनही दंशाची खूण सापडली नाही. मण्यारीचं असंच असतं. दात बारीक, चावल्याचं दुखत नाही, सूज नाही. झोपलेला माणूस कूस बदलून परत झोपतो. विष मज्जातंतू आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथे काम करतं. आधी पापण्या, मग घसा, शेवटी श्वासाचे स्नायू.

प्रतिविष दिलं, तरी काका चार दिवस व्हेंटिलेटरवर होते. हात-पाय, पापण्या, काहीच हलत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं! उशाशी उभं राहून एक नातेवाईक म्हणाले, "आता काही खरं नाही." काका अजून त्यांच्या तोंडावर या वाक्याची आठवण काढतात.

साप कुणालाच दिसला नाही, शेवटपर्यंत. माझ्या भीतीला आकारच नाही. आता घरातले सगळे मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपतात, आणि ती डासांसाठी नाही.

* * *

पंधरा वर्षं साप सोडवायला जातोय. ताई, मानेजवळ ठळक पट्टे म्हणजे तुमचा पाहुणा बहुधा कवड्या. बिनविषारी, भिंतीवर चढतो, पालींच्या मागे घरात येतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं: मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक, आणि बहुधा जोडीजोडीनं. पण हे लांबून बघायला ठीक. ओळख पटली म्हणून हात लावू नका.

का, ते सांगतो. अट पाळायचीच आहे. चौथ्या-पाचव्या वर्षीची गोष्ट. रात्री एका घरी गेलो, दाराच्या फटीतून पुढचं अर्धं अंग दिसत होतं. "काही नाही हो, कवड्या आहे," म्हणून ऐटीत मानेशी धरला आणि बाहेर ओढला. बॅटरीच्या उजेडात शेपटीकडचे पट्टे एकेक करून दिसायला लागले, पांढरेशुभ्र, जोडीजोडीनं. घरातली पोरं टाळ्या वाजवत होती. मला धरवतही नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. कसाबसा बरणीत गेला. बाहेर येऊन गाडीला किल्ली लावता येईना, इतका हात थरथरत होता. तेव्हापासून हूक आणि पाइप-पिशवी, बोटं नाहीत.

पुढच्या वेळी हातात लाटणं नको, फोन घ्या. त्या खोलीचं दार लावा, दाराखाली कापड कोंबा. साप दिसत असेल तर एकानं लांबून नुसती नजर ठेवायची. निम्म्या वेळा मी पोचेपर्यंत तो गेलेला असतो, आणि मग घरच्यांना ते तुमचं 'किंवा' छळतं.

* * *

घराभोवती कार्बोलिक ॲसिड शिंपडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धामण त्याच बाटलीला वळसा घालून गेली. शेवटी भिंतीलगतचा विटांचा ढीग हलवला, उंदरांची बिळं बुजवली. त्यानंतर नाही दिसली.

* * *

डोंगरात उतरणीच्या वाटेवर मित्र पुढे होता. वाळक्या पानांत जाडजूड, तपकिरी, पाठीवर गोल ठिपक्यांच्या साखळ्या. "अजगराचं पिल्लू आहे रे, फोटो काढ," म्हणत तो वाकला. तेवढ्यात कुकरची वाफ सुटावी तसा फूत्कार सुरू झाला. आणि थांबेचना. मी एक पाय उचललेला होता, तो तसाच हवेत. घोणस. अजगराचं पिल्लू म्हणून तिला हात लावून हकनाक चावून घेणारे कमी नाहीत, हे मला माहीत होतं. माहीत असून तोंडातून आवाज निघाला नाही, याची अजून लाज वाटते. मित्र स्वतःच मागे सरकला.

तो आता म्हणतो, "मी ओळखली होती." असो.

* * *

लहानपणी परसात मोठ्यांनी साप मारला, आम्हां पोरांना केवढा अभिमान! मग कुणीतरी सांगितलं की साप डूख धरतो, आता जोडीदार येणार. आठवडाभर रात्री एकटं बाहेर जायची छाती झाली नाही. कुणी आलं नाही. साप चेहरे लक्षात ठेवून सूड घेत नाही. पण ती धामण होती, आणि त्या वर्षी उंदरांनी धान्याचं एक पोतं धड ठेवलं नाही. तुटलेल्या डोक्याच्या तोंडात आम्ही काडी घालत होतो. ते डोकंही बराच वेळ चावू शकतं, हे मोठा झाल्यावर वाचलं आणि तेव्हा खरा घाबरलो, तीस वर्षं उशिरा.

* * *

मला सापाचं चित्रही चालत नाही. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकातली ती दोन पानं स्टेपल केलेली असायची. हे सगळंही एका डोळ्यानं वाचतेय.

मुलगा दोन वर्षांचा असताना बागेत त्याच्यापासून हातभर अंतरावरून एक नानेटी गेली. नानेटी सहसा चावतसुद्धा नाही. तो हसत हात पुढे करून म्हणाला, "दोली!" मी किंचाळले. त्यानं सापाकडे पाहिलंच नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग रडला. आता पाच वर्षांचा आहे, बागेतल्या पाण्याच्या नळीलाही वळसा घालतो.

१९८० च्या दशकात सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांबद्दल वाचलं. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. दुसरं माकड सापाला घाबरताना पाहिलं की लगेच घाबरायला शिकत. पण चित्रफीत जोडून माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं, तर फुलाची भीती काही शिकली नाहीत. म्हणजे शिकवलं मी, पण शिकायची तयारी त्याची आधीपासून होती. दोष निम्मा वाटून घेतलाय.

सध्या समुपदेशकांकडे जाते. पहिले दोन आठवडे कागदावर नुसता शब्द लिहायचा. मग रेघेचं चित्र, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोटो. आता टेबलाच्या खणात रबरी साप आहे. खण बंद आहे. त्याच टेबलावर बसून हे लिहिलं.

* * *

सगळ्यांचं वाचलं. काकांचा अनुभव वाचून त्याच रात्री मच्छरदाणी आणली. खणवाल्या ताई, खण उघडलात की कळवा.

आमच्याकडची बातमी: आज बाराव्या दिवशी चपलांचं कपाट सरकवलं. मागे भिंतीलगत कात पडली होती, अख्खी, तोंडापासून शेपटीपर्यंत उलटी निघालेली. डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक खवले, चष्म्याच्या काचांसारखे. सापाला पापण्या नसतात, तो डोळ्यांवरचं ते आवरणही कातीबरोबर टाकतो, ही माहिती नवऱ्यानं मला चार पावलांवरून दिली.

म्हणजे परवाचं 'किंवा' सुटलं. तेव्हा तो घरातच होता, अंगात नवा कोट घालून. आता कुठे आहे, ते कात सांगत नाही. सर्पमित्रदादा, तिचा फोटो पाठवते, पट्टे पुसटसे दिसतायत. कात वर्तमानपत्रावर ठेवलीय. मुलीनं बोट लावून पाहिलं, म्हणते, कोरडी आहे गं, कांद्याच्या सालीसारखी. मी उद्या लावेन.