उत्तर: हॉलचे ६४० पौंड कुठे दाखवू?

खजिनदार:
रविवारच्या सभेआधी हिशेब छापायचाय. हॉलचे म्हणून ठगाच्या खात्यात गेलेले ते ६४० पौंड ‘चोरी’ म्हणून लिहू की ‘फसवणूक’? विमावाले म्हणतात, पॉलिसीत चोरी आहे, पण पैसे तुम्हीच पाठवलेत, म्हणजे चोरी नाही.

नाटकवाले काका:
चोरी नाही तर काय दक्षिणा? चिटणिसांच्या नावानं मेल, ‘हॉलचा खाते नंबर बदललाय’. आधी नाव चोरलं, मग पैसे. चोरीच लिहा.

चिटणीस:
मेल मी पाठवलेला नव्हता, हे तिसऱ्यांदा सांगतोय.

माजी अध्यक्ष:
काका, वकील म्हणून सांगतो. इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या, १९६८च्या थेफ्ट अ‍ॅक्टप्रमाणे चोरी म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता कायमची हिरावणं. चिटणिसांचं नाव अजून त्यांच्याकडेच आहे की. बँकेतल्या पैशांचाही घोळच. प्रेडी खटल्यात, १९९६ साली, हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, म्हटलं: तुमचं बँकेकडचं येणं संपतं, ठगाच्या खात्यात नवंच येणं तयार होतं, तुमची मालमत्ता त्याच्या हाती जातच नाही. आता अशा प्रकारांना २००६चा फ्रॉड अ‍ॅक्ट, म्हणजे फसवणुकीचा कायदा. आणि चोरीला कमाल ७ वर्षं, फसवणुकीला १०. चोरी लिहून त्याला सूट कशाला देता?

स्लाऊच्या वहिनी:
भारतातही तसंच. जुन्या दंडसंहितेत चोरीच्या कलम ३७९ला ३ वर्षं, फसवणुकीच्या ४२०ला ७. आता न्याय संहितेत ४२०चं ३१८ झालं, चारसोवीस म्हणायची सोयच गेली! पण भाऊजी, शिक्षेचं सोडा. सासऱ्यांचं पाकीट दादरला मारलं, तो किस्सा ते वर्षानुवर्षं रंगवून सांगायचे. ओटीपी देऊन पैसे गेले ते मात्र आठ महिने लपवले. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. चोरी झाली की लोक हळहळतात, फसलात की हसतात. खजिनदारबाईंना सभेत उभं करून विचारू नका.

नाटकवाले काका:
दादर पूर्व की पश्चिम?

माजी सहखजिनदार:
बँकेकडे दावा केला का कुणी? ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवून करवून घेतलेल्या फास्टर पेमेंटचे (खात्यातून खात्यात झटपट जाणारे) पैसे बँकेला परत द्यावे लागतात, ८५,००० पौंडांपर्यंत. १० लाख पौंडांखाली वार्षिक उत्पन्न असलेल्या धर्मादाय संस्थाही त्यात येतात, म्हणजे आपण. दाव्याची मुदत १३ महिने. १०० पौंड कापू शकतात. माझ्या वेळी नवा खाते नंबर आला की आधी फोन करायची पद्धत होती, असो.

खजिनदार:
दावा आत्ताच टाकला. हिशेबात तूर्त ‘येणे’ दाखवते. आणि तुमच्या वेळी हॉल फुकट होता.